चादरीचे कोपरे

माझ्या सासूबाई आजारी असतात त्या फक्त आमच्यापुरत्या. डॉक्टर घरात आले की त्या ठणठणीत होतात.

हे मी कौतुकानं सांगत नाही. या ठणठणीतपणानं माझ्या नाकी नऊ आणले होते.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळात मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या मुख्य, होत्या. निवृत्त होऊन जमाना लोटला, मग अर्धांगाचा झटका आला, उजवा पाय लुळा पडला, हातातली पकड गेली. मेट्रनपण मात्र जसंच्या तसं शाबूत राहिलं. आमची आतली खोली त्यांच्या लेखी वॉर्ड आहे. वॉर्डात पेशंट एकच, आणि तोही त्या स्वतःच, म्हणून शिस्तीत सूट मिळत नाही.

मी शिंपी. पुढच्या खोलीत माझं मशीन, कापायचं टेबल आणि इस्त्री. बायको शहरातली बस चालवते. उजाडायच्या आत ती डेपोत असते, त्यामुळे तिच्या आईचं सगळं आपसूक माझ्याकडे आलं. जावई सासूचं करणार म्हटल्यावर नातेवाइकांनी आधी तोंडात बोटं घातली आणि मग आपल्याला बोलावतील या भीतीनं लगेच काढूनही घेतली.

सुरुवातीला सासूबाईंना फार जड गेलं. जावयानं अंगावरचे कपडे बदलायचे ही कल्पनाच त्यांना सोसेना. मग मी त्यांच्यासाठी मागून उघडणारे, बंदांचे गाऊन शिवले. मान दुसरीकडे वळवून माप घेण्यात माझी हयात गेली आहे. त्यांनीही त्यावर तोड काढली. गाऊन बदलताना त्या डोळे मिटून घेत आणि शिकाऊ मुलीला धडा द्यावा तशा बोलत.

"जावईबुवा, आधी लुळा हात घाला. मग चांगला. उलटं करू नका, खांदा निखळेल."

"घातला."

"आता ओढू नका. सरकवा. पेशंट म्हणजे उशीचा अभ्रा नव्हे."

असं करत करत मी कूस बदलायला शिकलो, टाच हवेत राहील अशी उशी लावायला शिकलो आणि चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडायला शिकलो. हे कोपरे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. इतकी वर्षं मी कॉलर बसवतोय, पण एका चादरीच्या कोपऱ्यासाठी माणसाचा एवढा उद्धार होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही, आणि लिफ्ट नाही. झटक्यानंतर एकदाच त्यांना तपासायला इस्पितळात न्यावं लागलं. मी आणि खालच्या मजल्यावरचा प्लंबर, दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून, अस्तराच्या कापडानं बांधून, जिन्यानं खाली उतरवलं. दारादारांत लोक उभे होते. कुणी 'अरेरे' म्हणालं, कुणी 'जपून' म्हणालं. ज्या बाईच्या पावलांच्या आवाजानं अख्खा मजला सावरून बसायचा, तिला लोक सामानासारखं जाताना बघत होते. सासूबाईंनी जिन्यात डोळे मिटले, ते घरी परत येईपर्यंत उघडले नाहीत. त्यानंतर त्या बरेच दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. माझ्या चादरीच्या कोपऱ्यांनासुद्धा नावं ठेवली नाहीत, तेव्हा मी खरा घाबरलो.

म्हणून घरी येऊन उपचार करणारं पथक मिळालं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दर आठवड्याला एक नर्सबाई येऊन पडून पडून टाचेला झालेल्या जखमेचं ड्रेसिंग करायच्या, रक्तदाब बघायच्या. अधूनमधून एक तरुण डॉक्टर येऊन तपासायचे. अट एकच. ज्याला घराबाहेर पडणं जमतच नाही, अशाच पेशंटसाठी ही सोय. पेशंट सुधारला की येणं बंद, मग पुन्हा ती खुर्ची, ते अस्तर आणि तो जिना.

नर्सबाई अनुभवी, केस पिकलेल्या. पण सासूबाई त्यांना 'ए नवीन' म्हणत. इस्पितळात म्हणे त्यांचा हाच रिवाज होता. कितीही शिकून या, मेट्रनबाईंचं समाधान होईपर्यंत तुम्ही 'ए नवीन'. ज्या दिवशी काम मनाला पटेल त्या दिवशी त्या पहिल्यांदा 'सिस्टर' अशी हाक मारायच्या. काही मुली ती हाक ऐकून रडायच्या, काही ती न ऐकताच बदली करून घ्यायच्या.

"मेट्रन, मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय," नर्सबाई एकदा म्हणाल्या.

"मग घाई कर," सासूबाई म्हणाल्या.

तर आता राउंडबद्दल. इस्पितळात मोठे डॉक्टर सकाळी वॉर्डातून फेरी मारतात, त्याला राउंड म्हणतात. सासूबाईंच्या वॉर्डात राउंडच्या आधी एकच धांदल उडायची. चादरी ताणायच्या, बेडपॅन दडवायचे, औषधांच्या बाटल्या एका रांगेत लावायच्या आणि पेशंटांचे केस विंचरून त्यांना उशीला टेकवून बसवायचं. डॉक्टरांनी 'कसं वाटतंय' विचारलं की पेशंटनं 'बरं वाटतंय' म्हणायचं. कण्हायचं ते राउंड संपल्यावर.

आमच्या घरी डॉक्टर यायचे त्याला त्या व्हिजिट म्हणतच नसत. त्यांच्या लेखी तो राउंडच.

पहिल्या खेपेला मी बापडा त्यांच्या हुकमाप्रमाणे वागलो. वॉकर बाल्कनीत गेला. ओल्या चादरींची बादली मोरीत गेली. कमोडच्या खुर्चीचं काय करायचं हा प्रश्न होता. ती जाडजूड, हलता हलेना. मग मी तिला एक फुलाफुलांचं कव्हर शिवलं, खाली झालर लावली, पाठीला छोटी उशी दिली. डॉक्टर आले, इकडेतिकडे पाहिलं आणि थेट तिच्यावरच बसले.

"छान खुर्ची आहे," ते म्हणाले.

"जावयानं केलीय," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी कसं वाटतंय विचारलं. सासूबाईंना बरं वाटत होतं. कंबर दुखते का? छे. झोप लागते? उत्तम. उठता येतं? आणि इथे त्यांनी कहर केला. माझ्या खांद्यावर हात टाकून त्या उठल्या आणि खिडकीपर्यंत चालत गेल्या. डॉक्टरांना वाटलं आधार नावापुरता आहे. माझ्या खांद्याला विचारा. परत येऊन त्या पलंगावर टेकल्या, डॉक्टरांचा चेहरा निरखला आणि म्हणाल्या, "तुमचे डोळे खोल गेलेत. जेवता का वेळेवर?"

डॉक्टर भारावून गेले. जाताना दारात मला म्हणाले, "कमाल सुधारणा आहे. पुढच्या वेळी असंच दिसलं तर आमची गरजच उरणार नाही."

आत गेलो तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून ओठ चावत पडल्या होत्या. पुढे दोन दिवस मी नुसती कूस बदलली तरी त्या कळवळायच्या.

"आई, कशाला हे नाटक?" बायको संध्याकाळी चिडून म्हणाली. दिवसभर रहदारीत हॉर्न वाजवून तिचा आवाज घरातही त्याच पट्टीत असतो. "डॉक्टरांना खरं सांगायला काय होतं तुला?"

"नाटक नाही. राउंडला वॉर्ड नीट असावा लागतो."

"अगं, ते यायचे बंद झाले तर? पुन्हा जिन्यातून नेऊ तुला?"

जिना म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण हेका सुटला नाही. "तुम्हाला नाही कळायचं," एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही नवराबायकोनं स्वयंपाकघरात बसून बेत केला. पुढच्या खेपेला काहीही आवरायचं नाही. डॉक्टरांना घर जसं असतं तसं दिसू दे. बायको तर म्हणाली, थोडं जास्तच पसरून ठेव.

"किती जास्त?"

"तुझ्या मानानं जास्त. म्हणजे चारचौघांसारखं."

यात एक टोमणा होता. तो मी तेव्हा सोडून दिला.

डॉक्टरांच्या दुसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. बायको डेपोत गेली आणि मी कामाला लागलो. कमोडच्या खुर्चीचं कव्हर काढलं. वॉकर पलंगाशेजारी उभा केला. ओल्या चादरींची बादली दाराशी आणून ठेवली. औषधाच्या बाटल्या विस्कटल्या, एक आडवी केली. मग बायकोचे कपडे खुर्च्यांवर टाकले, माझे मोजे जमिनीवर. आयुष्यात पहिल्यांदा मी पसारा करत होतो आणि टाकलेली एकेक वस्तू पुन्हा उचलावीशी वाटत होती.

सासूबाई पलंगावरून बघत होत्या.

"हे काय चाललंय, जावईबुवा?"

"काही नाही."

"राउंड आहे आज."

"माहीत आहे."

"ती बादली उचला. कव्हर घाला. आणि माझ्या डावीकडचा कोपरा सुटलाय, तो आधी बसवा."

"नाही बसवणार," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत मी त्यांचा हुकूम पहिल्यांदाच मोडला. मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. पण त्या नुसत्या सुटलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिल्या. एवढ्यात बेल वाजली आणि मी दार उघडायला गेलो.

दारात डॉक्टर आणि नर्सबाई. मी 'या' म्हणायला तोंड उघडलं आणि आतून धप्प असा आवाज आला.

आम्ही तिघे धावलो. सासूबाई जमिनीवर होत्या. पलंगाला पाठ टेकलेली, गाऊन गुडघ्यापर्यंत चढलेला, केस विस्कटलेले, आणि डाव्या हातात चादरीचा तो कोपरा घट्ट धरलेला.

डॉक्टर गुडघ्यांवर बसले. "काय झालं, आजी?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "पलंगाखाली धूळ आहे का ते बघत होते."

"मग? आहे का?"

"थोडी आहे. बोलेन त्याबद्दल."

डॉक्टरांनी त्यांना तिथेच जमिनीवर तपासलं. हाडं शाबूत होती. आम्ही तिघांनी मिळून त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, आणि मग डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. उघडी कमोडची खुर्ची. बादली. आडवी बाटली. जमिनीवर मोजे. मागच्या वेळचं घर आणि हे घर यांचा त्यांना मेळ लागेना. त्यांचा चेहरा हळूहळू कठोर झाला.

मला बाजूला घेऊन ते हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही दिवसभर एकटे असता, काम करता, मी समजू शकतो. पण इथे यांची आबाळ होतेय. त्यांना काही दिवस शुश्रूषा केंद्रात हलवावं असं मला वाटतं. आजच कळवतो. ॲम्ब्युलन्स आणि उचलायला माणसं येतील."

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर येत राहावेत म्हणून हा सगळा खटाटोप, आणि मी माझ्याच हातांनी माझ्या सासूला जिन्यात नेऊन ठेवलं होतं. सांगायचं खूप होतं. हे सगळं खोटं आहे, मी रोज घासूनपुसून घेतो, त्या रोज नीटनेटक्या असतात. पण आपल्याच घरात आपण मुद्दाम घाण केली हे कुणाला पटवायचं? मी गळ्यातली मोजपट्टी चाळवत उभा राहिलो. स्वतःचाच असा राग येत होता की काय सांगू.

"डॉक्टर," पलंगावरून आवाज आला. "इकडे या. बसा."

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. डॉक्टर मुकाट्यानं वळले, कमोडच्या खुर्चीपाशी गेले, बसता बसता खाली पाहिलं, मागच्या खेपेची छान खुर्ची त्यांना आठवली असावी, आणि ते उभेच राहिले.

"ए नवीन, तूही ये. रिपोर्ट देते, तो नीट ऐका."

रिपोर्ट म्हणजे पाळी बदलताना पेशंटची सगळी हकीकत पुढच्या माणसाच्या हवाली करणं. सासूबाईंनी नजर समोरच्या भिंतीवर लावली आणि स्वतःबद्दल, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशा सांगू लागल्या.

"पेशंट बाई. उजवी बाजू लुळी. आधाराशिवाय बसता येत नाही. मागच्या राउंडला खिडकीपर्यंत चालली, तो चावटपणा होता, नंतर दोन दिवस हलता आलं नाही. कंबर सतत दुखते. झोप मोडते." त्या थांबल्या. मग आवाज थोडा खाली आला. "लघवीवर ताबा नाही. रोज चादर ओली होते."

ते शब्द त्यांनी माझ्यासमोर कधीच उच्चारले नव्हते. आम्ही त्याला 'चादरीची वेळ' म्हणायचो, आणि तेवढंच म्हणायचो.

"आता माझी पाठ बघ," त्या नर्सबाईंना म्हणाल्या. "जखम आहे का कुठे?"

मी खिडकीकडे तोंड केलं. नर्सबाईंनी त्यांना कुशीवर वळवून बघितलं. "नाही, मेट्रन. कातडी स्वच्छ आहे."

"लालसर?"

"लालसरसुद्धा नाही."

"टाच?"

नर्सबाईंनी पट्टी सोडली. "भरत आलीय. कडा छान गुलाबी आहेत."

"हं. रोज ओलं होणारं, स्वतःहून कूस न बदलणारं माणूस, आणि पाठीवर डाग नाही. माझ्या वॉर्डात हे करायला तीन पाळ्यांच्या मुली लागायच्या, आणि त्यांचंही चुकायचं. तू येतेस आठवड्यातून एकदा. डॉक्टर कधीतरी उगवतात. मग हे कोण करतं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत राहिलो.

"आणि राउंडला पेशंट कण्हला," सासूबाई आता जरा थकून म्हणाल्या, "तर बोल पेशंटला लागत नाही, डॉक्टर. ज्याच्या हातात वॉर्ड आहे त्याला लागतो. म्हणून मी नाही कण्हले."

मला तेव्हा उलगडा झाला. मी इतके दिवस समजत होतो की बाई आपला तोरा सांभाळतेय. ती माझी अब्रू सांभाळत होती. ओठ चावून, खिडकीपर्यंत चालून, आणि आज पलंगावरून पडून.

डॉक्टर म्हणाले, "मग आजचा हा पसारा?"

"तो मुद्दाम केलाय. घर नीट दिसलं की तुम्ही यायचे बंद व्हाल म्हणून. स्वयंपाकघरात बसून बेत केला दोघांनी. माझा पाय गेलाय, कान नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते वाकले, जमिनीवरचा एक मोजा उचलला आणि उलटसुलट करून बघितला.

"याला इस्त्री आहे," ते म्हणाले.

"मळके टाकायला जीव झाला नाही," मी म्हणालो.

नर्सबाई आधी हसल्या. मग डॉक्टर हसले, आणि हसता हसता त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. त्यात ओल्या चादरी होत्या, घडी घातलेल्या. त्यांच्या मनात काही शंका उरली असेल तर ती त्या घडीनं गेली.

शुश्रूषा केंद्राचा विषय संपला. घरी येणं चालूच राहणार, नर्सबाई आता आठवड्यातून दोनदा येणार, आणि आंघोळीला मदत करायला एक बाई मिळतील असं डॉक्टर म्हणाले. कंबरेसाठी त्यांनी औषध दिलं.

"घ्याल ना, आजी? की बरं वाटतंय?"

"घेईन," सासूबाई म्हणाल्या. "आणि खुर्ची लागेल तुम्हाला पुढच्या वेळी. साधी. जावईबुवा पाहतील."

डॉक्टर जिना उतरून गेले. मी बायकोला फोन केला, पण ती गाडीवर होती. मग मी मोजे उचलले, बाटल्या रांगेत लावल्या, खुर्चीला कव्हर घातलं. नर्सबाई नवी पट्टी बांधून आपली पिशवी भरत होत्या. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं झोप लागली.

"सिस्टर," त्या म्हणाल्या.

नर्सबाईंचे हात थांबले. त्या वळल्या, आणि त्यांचा तो पिकल्या केसांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. "काय, मेट्रन?"

"तुला नाही गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, डावीकडचा कोपरा अजून सुटलेलाच आहे."

नर्सबाईंनी फणकाऱ्यानं पिशवीची चेन ओढली. मी पलंगाशी गेलो, खाली वाकलो आणि कोपरा बसवला. मग तो उसवून पुन्हा बसवला, कारण पहिल्यांदा मला नीट दिसलंच नाही.